फणीघरातला वाचक

परवाच्या निवडणुकीच्या सभेत उमेदवार बोलायला उभा राहताच एका झिंगलेल्या इसमानं कोंबड्यासारखी बांग दिली. लोक हसले, पोलिसानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की उमेदवाराला 'हेकल' करण्यात आलं. नातवानं मला ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, त्या संपादकाला माझ्यासमोर आणून उभा कर, मग त्याला दाखवतो हेकल करणं म्हणजे काय असतं ते. नातू म्हणाला, "आजोबा, शब्द काय तुमच्या मालकीचा आहे?" मी म्हटलं, "हो, आहे. माझ्या बापाचाही होता."

हेकल म्हणजे फणी. जाड फळीवर वीतभर उंचीचे पोलादी दाते दाटीनं रोवलेले असत आणि ती फळी आमच्या कमरेच्या उंचीला बाकावर ठोकलेली असे. रिगाहून जहाजांनी अळशीच्या तंतूंच्या गासड्या आमच्या डंडी बंदराच्या गोदीत उतरत. त्यातली एकेक मूठ घ्यायची, दातांवर आपटायची आणि ओढायची. आखूड, कुजका, गुंतलेला भाग दातांत राहतो आणि हातात राहतो तो लांब, सरळ, चकचकीत धागा. त्या धाग्याचं पुढं सूत होतं आणि सुताचं जहाजांचं शीड. हॉलंडचे खलाशी गोदीत उतरले की फणीला 'हेकेल' म्हणत. हा शब्द आमच्याकडून त्यांच्याकडे गेला की त्यांच्याकडून आमच्याकडे आला, यावर आम्ही एकदा तीन दिवस भांडलो होतो. शेवटी काहीच ठरलं नाही.

अशी फणी चालवणारे ते हेकलर. आम्ही डंडीतले सगळ्यात तोंडाळ कामगार होतो, असं लोक म्हणत आणि ते खोटं नव्हतं. कारण आमच्या प्रत्येक फणीघरात एक वाचक असे. कामाच्या खोलीत खिडकीजवळ उंच स्टूल, त्यावर आमच्यातलाच एक जण वर्तमानपत्र घेऊन बसलेला, आणि आम्ही तीस जण विंचरता विंचरता ऐकणारे. त्याचं काम आम्ही वाटून घ्यायचो. सकाळी आल्याबरोबर प्रत्येकानं विंचरलेल्या धाग्याची पहिली मूठ वाचकाच्या बाकावर ठेवायची, म्हणजे दिवसअखेर त्याचाही वाटा भरलेला असे. मुकादम क्रायटनला हे आवडत नसे, पण तीस जणांशी भांडायची त्याची छाती नव्हती.

वाचक वाचायचा, पण आम्ही त्याला सुखानं वाचू द्यायचो नाही. पार्लमेंटातला कोणी लॉर्ड बोलला की गहू महाग झाला तर गरिबाचं भलं होतं, की लगेच एक जण म्हणे, थांब, कसं काय भलं होतं? दुसरा म्हणे, या लॉर्डाची जमीन किती? तिसरा म्हणे, मागच्या वर्षी हाच गृहस्थ उलट बोलला होता, काढ तो अंक. वाचकाला उत्तर द्यावं लागे. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी शोधून आणायचं. थाप मारली आणि पकडला गेला तर एक दिवस स्टुलावरून खाली, फणीवर. आणि ज्याला वाचताच येईना त्यानं स्टूल कायमचं सोडायचं. हे नियम आमच्या आज्यापणज्यांच्या वेळचे होते. आखूड आणि कुजकं काढून टाकायचं, लांब धागा ठेवायचा. मग संध्याकाळी नाहीतर रविवारी मॅग्डलेन ग्रीनच्या मैदानावर कुणा पुढाऱ्याची सभा असली की आम्ही तिथंही जायचो आणि त्याला आमच्या वाचकासारखंच विंचरून काढायचो. लोक म्हणू लागले, हेकलरांनी त्याला हेकल केला. शब्द असा बाकावरून मैदानात गेला. आता तो कोंबड्याच्या बांगेपर्यंत पोचला आहे.

एक गोष्ट मात्र त्या संपादकाला कधीच कळणार नाही. ज्याच्यात काही दम नाही अशा माणसाला आम्ही कधी प्रश्न विचारत नव्हतो. त्याला बोलू द्यायचो आणि आपापसांत बियरच्या गप्पा मारायचो. प्रश्न विचारणं हा आमच्याकडे मान होता. हे मी आज मोठ्या तोंडानं सांगतो आहे, पण मला ते ज्याच्यामुळं कळलं त्या माणसाचं मी वाटोळं केलं. त्याचं नाव आयझॅक पेडी.

आयझॅक ऑर्मिस्टनच्या कारखान्यात आमचा वाचक होता. स्काउरिंगबर्नच्या काठचा तो कारखाना आता नाही. आयझॅक मूळचा माँट्रोजचा, वीस वर्षं फणीवर घालवलेला. फणीघरातली धूळ छातीत गेली की काय होतं ते मी सांगायला नको. तो खोकायला लागला की मधली तीन-चार वाक्यं सोडून द्यावी लागत. पंचेचाळिशीत त्याला स्टूल मिळालं ते एवढ्यासाठीच की तो खिडकीशी हवेत बसेल आणि जगेल. परत फणीवर उभा राहिला असता तर तो वर्षभरही टिकला नसता, हे तोही जाणून होता आणि आम्हीही. बायको गेलेली, घरात मुलगी इस्बेल आणि तिची दोन लहान मुलं. इस्बेलचा नवरा देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला तो परत आला नव्हता.

आम्ही आयझॅकला मास्तर म्हणायचो. मास्तरचं वाचन म्हणजे काय सांगू. नुसते गव्हाचे बाजारभाव वाचले तरी वाटे की आतमध्ये कोणीतरी कोणाचा तरी गळा कापतो आहे. आणि उत्तरं अशी द्यायचा की विचारणाराच तोंडावर पडावा. मी त्याचा सगळ्यात वाईट छळ करणारा. माझं नाव रॉबर्ट डथी. सहा वर्षांत मी त्याला एकही पान सरळ वाचू दिलं नसेल. तो चष्म्यावरून बघून म्हणायचा, "बोल डथी, दात शिवशिवतायत ना तुझे?" आणि मी बोलायचो. मला वाचता येत नव्हतं, मोठी अक्षरं तेवढी लागत. पण एकदा ऐकलेलं मी विसरत नाही. हीच माझी खोड त्याला नडली.

नव्या वर्षाचे पाहुणचार आटोपून आम्ही कामावर आलो त्या आठवड्यातली गोष्ट. मास्तर कुठल्याशा मंत्र्याचं भाषण वाचत होता, मीठ आणि साबणावरच्या कराबद्दल. दोन वाक्यं झाली आणि माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं. हे भाषण मी ऐकलं होतं. दोन वर्षांपूर्वी याच वाक्याला मी त्याला अडवलं होतं आणि त्यावर अर्धा तास जुंपली होती. मी तोंड उघडलं, मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. मास्तर वाचत होता, पण त्याचे डोळे हलत नव्हते. ओळीवरून ओळीवर जाणाऱ्या माणसाचे डोळे कसे चालतात ते मी सहा वर्षं बघत आलो होतो. ते आता एका जागी, कागदाच्या पलीकडे कुठंतरी थांबलेले होते. मी तोंड मिटलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या पुढ्यातून हात फिरवून पाहिला. त्याला तो दिसला नाही असं नाही, दचकला, पण हात कुणाचा ते त्याला कळलं नाही. "कोण, लोसन का?" म्हणाला. लोसन माझ्या दुप्पट जाड होता. मग मी माग काढला. इस्बेल दुसऱ्या एका सूतगिरणीत कामाला होती. पहाटे भोंग्याआधी, चुलीवर ओटची लापशी शिजेपर्यंत ती बापाला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. जेवढं त्या वेळात होईल तेवढं. तेवढं तो पाठ करून यायचा, आणि बाकीचा दिवस जुन्या अंकांवर, नाहीतर स्वतःच्या डोक्यातून भरून काढायचा. दहा तास. खोकत.

खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं. तसा मी बसलो नाही. शनिवारी ओव्हरगेटच्या गुत्त्यात मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी हातातले पेले खाली ठेवले. मग लोसन म्हणाला, "नियमानं त्याला खाली उतरवायला पाहिजे." मी म्हटलं, "उतरव की. तूच उतरव. आणि इस्बेलला तूच जाऊन सांग." लोसनच्या डोळ्यांत पाणी आलं. जाड माणूस, पण फार हळवा. मग मीच ठरवून टाकलं, की आपल्याला कळलंय हे मास्तरला कळू द्यायचं नाही, आणि त्याला आता प्रश्न विचारायचे नाहीत. प्रश्न विचारला की तो उत्तरासाठी पान शोधणार, पान शोधताना पकडला जाणार, आणि पकडला गेला की नियम आहेच. सगळ्यांनी माना हलवल्या. असल्या बाबतीत तीस हेकलर एकमताचे झाले, हे त्या गुत्त्याच्या इतिहासात पहिल्यांदाच झालं असेल. घरी जाताना मला वाटत होतं की मी आयुष्यात एक चांगलं काम केलं.

पहिल्या आठवड्यात आम्ही उगाच सोपे सोपे प्रश्न विचारून पाहिले. किती जहाजं आली, मास्तर? बारा. बरं. पण सोपा प्रश्न विचारायची सवय नसलेल्या माणसाच्या तोंडी तो इतका खोटा वाटतो की दोन दिवसांतच आम्ही तेही सोडलं. मग नुसता फण्यांचा आवाज राहिला. मूठ आपटल्याचा, ओढल्याचा. आणि त्यावर मास्तरचा आवाज.

तो वाचताना मध्ये थांबायचा. आधी आमच्यासाठी थांबायचा, आम्ही जिथं त्याला पकडायचो तिथं. वाक्य संपलं की डोकं किंचित कलतं करून वाट बघायचा. कोणी बोलायचं नाही. मग पुढं वाचायचा. फेब्रुवारीत एकदा मी त्याला हात धरून अंगणातून नळाकडे नेत होतो, म्हणजे घसरण आहे असं निमित्त करून नेत होतो, तेव्हा तो म्हणाला, "डथी, तुम्हा लोकांचं काही बिनसलंय का माझ्याशी?" मी म्हटलं, नाही, थंडी आहे, तोंडं गोठलीयत. तो हसला नाही.

मग त्यानं आम्हाला डिवचायला सुरुवात केली. बातम्या चढत गेल्या. फॉरफरला दोन डोक्यांचं वासरू झालं. ते ऐकून गप्प राहणं सोपं होतं. मग ते वासरू दोन्ही तोंडांनी स्तोत्रं म्हणू लागलं. मग बातमी आली की डंडीच्या कामगारांनी टोपी घातली तर तिच्यावर कर बसणार आहे. मग ऑर्मिस्टन मालकानं हेकलरांची मजुरी चौथ्या हिश्श्यानं उतरवायचं ठरवलंय आणि हेकलरांनी त्याचे आभार मानलेत. त्या वेळी लोसनच्या हातातली मूठ सुटून खाली पडली. मी त्याला कोपरानं ढोसलं. लोसननं मूठ उचलली आणि परत दातांवर आपटली. मास्तर डोकं कलतं करून बसला होता. चेहऱ्यावर घाम. मला त्याची इतकी दया आली की मी मान वर केली नाही. आज त्या दयेची मला शिसारी येते.

त्याला काय वाटत होतं हे मला नंतर कळलं. त्याला वाटत होतं आम्हाला तो संपला असं वाटतंय. ज्याच्यात दम नाही त्याला आम्ही बोलू देतो, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. रोज सकाळी तीस मुठी त्याच्या बाकावर पडत आणि तो त्यांची कमाई खाऊन पाठ केलेलं बोलत राही. उतरता येत नव्हतं, कारण खाली फणी आणि धूळ. बसवत नव्हतं, कारण कोणी ऐकतंय असं वाटत नव्हतं. आणि आम्हीही आमच्याच ठरावात असे अडकलो होतो की कोणालाच तो मोडता येत नव्हता. जो पहिला प्रश्न विचारेल तो मास्तरला मारेल, अशी आमची समजूत झालेली होती.

एप्रिलच्या मध्यावरचा एक गुरुवार. आरमाराच्या शिडांची मोठी मागणी कारखान्यात आली होती आणि ती महिनाअखेर जहाजावर चढवायची होती. मालक दिवसातून दोनदा फणीघराच्या दारात येऊन उभा राहायचा. हे दिवस आमच्या हातातले असत. अशा वेळी हेकलरांनी हात थांबवले की मालक गुडघ्यावर येतो, हे आम्ही आधी दोनदा करून दाखवलेलं होतं. त्या वेळी मात्र आमचं काही मागणं नव्हतं, म्हणून आम्ही कामात होतो.

मास्तरकडे त्या दिवशी माँट्रोजचं वर्तमानपत्र होतं. त्याचा भाऊ ते गावाहून पाठवायचा, आठवडाभर शिळं. पूर्वी या पत्रावरून आम्ही त्याला फार चिडवायचो. माँट्रोजच्या पत्रात कोणाची कोंबडी हरवली तेही छापतात, वगैरे. मास्तरनं घसा साफ केला आणि म्हणाला, "जाहिरात. हेकलिंगच्या यंत्रांवर काम करायला चाळीस मुली हव्यात. ठिकाण डंडी, ऑर्मिस्टन यांचा कारखाना. राहायची सोय होईल. कामाला सुरुवात मे महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून."

आणि तो थांबला.

मला आठवतंय, फण्या चालू होत्या. एकही थांबली नाही. आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात एकच आलं, की आज मास्तरनं वासरू सोडलं आणि थेट आमच्या पोटावर आला. बिचारा. मी लोसनकडे पाहिलं, लोसननं माझ्याकडे पाहून मान हलवली. आम्ही खाली बघून विंचरत राहिलो.

मास्तरनं ती जाहिरात पुन्हा वाचली. या वेळी सावकाश, शब्द शब्द वेगळा करून. मग थांबला. मग तिसऱ्यांदा वाचली. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटला आणि त्याला खोकला आला. खोकून झाल्यावरही तो तसाच बसून राहिला, पत्र दोन्ही हातांत घट्ट धरून. नंतर त्यानं पान उलटलं आणि माशांचे भाव सांगितले.

जेवणाच्या सुट्टीत मी अंगणात हेरिंग आणि पाव खात होतो. मास्तर भिंतीला हात लावत लावत माझ्यापर्यंत आला. कोणाला विचारून आला असावा.

"डथी," तो म्हणाला, "त्या माँट्रोजच्या जाहिरातीवर तुला काही विचारायचं नव्हतं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझी बाही धरली. मला वाटलं, हा आता कबूल करणार, आणि एकदा त्यानं तोंडानं कबूल केलं की त्याला स्टुलावर ठेवणं कोणालाच शक्य होणार नाही. क्रायटन दारातच उभा होता.

"नाही रे," मी म्हटलं. "छान वाचलंस."

"काहीच नाही? कुठं छापलंय, कधी छापलंय, काहीच नाही?"

"छान वाचलंस, मास्तर. पाव खातोस?"

त्यानं माझी बाही सोडली. मग भिंतीला हात लावत परत गेला. मी उरलेला पाव खाल्ला. तो घशाखाली उतरला, हेच मला आता पटत नाही.

महिनाअखेर शिडं जहाजावर चढली. मालकानं आम्हाला एक पिंप बियर पाठवली आणि आम्ही त्याचं नाव घेऊन ती प्यायलो. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी आम्ही आलो तर फणीघराला कुलूप. आमच्या फण्या बाहेर अंगणात रचून ठेवलेल्या, दाते एकमेकांत अडकलेले. क्रायटननं एक कागद वाचून दाखवला, आणि तो कागद मुद्दाम भरभर वाचला. फाटकाजवळ माँट्रोजच्या चाळीस मुली गाठोडी घेऊन उभ्या होत्या, कोवळ्या, गोंधळलेल्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं की यंत्रांची खोली कुठली. मी तिला सांगितली.

लोसन म्हणाला, काम थांबवू. पण कशाचं काम थांबवणार? पंधरा दिवसांपूर्वी थांबवलं असतं तर मालक आमच्या पाया पडत आला असता, यंत्रं तशीच पेट्यांत परत गेली असती, निदान दोन-पाच वर्षं तरी. आता त्याला आमची गरज नव्हती. बाकीचे अंगणात उभे राहिले. मी थेट मास्तरच्या घरी निघालो. तो त्या दिवशी आलाच नव्हता. रस्ताभर मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. दाराशी इस्बेल भेटली. तिच्या गिरणीतही तोवर बातमी पोचली होती आणि ती धावत घरी आली होती.

"रॉबीकाका," ती म्हणाली, "बाबांनी तुम्हाला ती जाहिरात वाचून नाही का दाखवली? मी म्हटलं होतं, मी सांगते तुम्हा सगळ्यांच्या बायकांना. तर म्हणाले, गप्प बस, मालकाच्या कानावर जाईल. ते माझं काम आहे, मी फणीघरात वाचतो."

मी तिला बाजूला केलं. आत गेलो. मास्तर चुलीजवळ बसला होता, पाहुणा आल्यासारखा कोट घालून.

"ते खरं होतं, तर खरं आहे म्हणून का नाही सांगितलंस?" मी उभ्यानंच ओरडलो. "वासरं गात होती तुझी! टोपीवर कर बसत होता! त्यातलं एवढं एक खरं आहे, हे आम्हाला कसं कळायचं?"

तो शांतपणे म्हणाला, "एक खरं आहे म्हटलं असतं तर बाकीची खोटी आहेत असं झालं असतं. मग तुम्ही विचारलं असतं, खोटी का वाचतोस. मग मला सांगावं लागलं असतं की मला दिसत नाही. मग स्टूल." त्यानं खोकून घेतलं. "मी वाट बघत होतो रे. कोणीही एक प्रश्न विचारला असता ना, कुठलं पत्र, दाखव बघू, तर मी ते तुझ्या हातात दिलं असतं. तू ते कोणाकडूनही वाचून घेतलं असतंस. मला काही सांगावं लागलं नसतं. तीनदा वाचलं मी. तू का नाही विचारलंस, डथी? सहा वर्षं तू मला श्वास घेऊ दिला नाहीस."

मी खाली बसलो आणि त्याला सांगितलं. नव्या वर्षापासून आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. गुत्त्यात काय ठरलं ते सांगितलं. ते मी ठरवलं हेही सांगितलं.

बाहेर इस्बेलची मुलं कशावरून तरी भांडत होती.

"म्हणजे मी सांगितलं असतं," तो म्हणाला, "की मला दिसत नाही, तरी तुम्ही मला उतरवलं नसतं?"

"नसतं."

"एकानंही नाही?"

"एकानंही नाही. तुला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं, तुम्हाला मी नकोसा झालो."

मला रडू आलं. मी लपवलं नाही, त्याला तसंही दिसणार नव्हतं, आणि हा विचार मनात आला म्हणून मला अजून रडू आलं. मग त्यानं गुडघ्यावरचा कोट नीट केला, पाठ सरळ केली, आणि डोकं थोडं कलतं केलं.

"आता विचार," तो म्हणाला.

मी म्हटलं, आता काय उपयोग. तो म्हणाला, "उपयोगाचं राहू दे. विचार."

मी नाक पुसलं आणि विचारलं, "कुठल्या पत्रात आलं होतं?"

"माँट्रोजच्या."

"कुठल्या तारखेच्या?"

"एप्रिलच्या सात."

"कुठल्या पानावर?"

"शेवटच्या. तिसऱ्या रकान्यात, खाली. हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली."

"डंडीतल्या कारखान्यानं माँट्रोजच्या पत्रात का द्यावं?"

"म्हणजे डंडीत कोणाला कळू नये."

"मुलीच का?"

"त्यांना अर्ध्या मजुरीवर ठेवता येतं म्हणून. आणि त्या प्रश्न विचारत नाहीत असं मालकाला वाटतं म्हणून."

"मालकाची शिडं कधी निघणार आहेत?"

"महिनाअखेर."

"म्हणजे आपल्या हातात किती दिवस आहेत?"

"सोळा," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज आता तसाच झाला होता, पूर्वीसारखा. एकही उत्तर अडखळलं नाही. मी विचारत गेलो आणि तो देत गेला. लापशीचं भांडं चुलीवर करपलं तरी आम्ही थांबलो नाही. शेवटी माझ्याजवळ एकच प्रश्न उरला.

"हे सगळं खरं आहे का, आयझॅक?"

"खरं आहे," तो म्हणाला.